धातूचा लॅपटॉप अधिक तापतो का?

प्रश्न : माझा नवा लॅपटॉप अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणाचा असून अर्ध्या तासात मांडीवर धरवत नाही, जुना प्लॅस्टिकचा असा तापत नसे. नवा सदोष आहे का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. अ‍ॅल्युमिनियम प्लॅस्टिकपेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे प्रोसेसरची जी उष्णता प्लॅस्टिकच्या आवरणात आतच कोंडते, ती धातूतून थेट हाताला जाणवते. २०२० सालापासूनच्या, अ‍ॅपलच्या एम-मालिकेतील प्रोसेसर असलेल्या मॅकबुक एअर लॅपटॉपमध्ये तर पंखाच नाही. उष्णता बाहेर टाकण्याचे काम आवरणच करते. एलजी ग्रॅममध्ये मॅग्नेशियमचा मिश्रधातू, तर थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये कार्बन फायबरही असते; दोन्ही हलके. मजबुती मात्र केवळ धातूवर ठरत नाही. माझ्या मते बिजागरी सर्वांत महत्त्वाची. खरेदी करताना पडदा एका कोपऱ्याला धरून उघडावा आणि तो वाकतो का, बिजागरीपाशी कुरकुर ऐकू येते का, हे अवश्य पाहावे.

आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते, म्हणून लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा. काहीही काम चालू नसताना पंखा सतत जोरात फिरत असेल, तर मात्र तो सेवाकेंद्रात दाखवावा.