वाचक विचारतात : टोकामॅक किती लहान करता येतो?

प्रश्न : टोकामॅक म्हणजे तप्त प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) चुंबकक्षेत्रात कोंडून अणुकेंद्रकं जोडणारं, म्हणजे संमीलन घडवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र. फ्रान्समधल्या ईटर या टोकामॅकची मुख्य त्रिज्या (कड्याच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंत) ६.२ मीटर, अमेरिकेतल्या स्पार्कची जेमतेम १.८५. ईटरचं लक्ष्य घातलेल्या उष्णतेच्या दहापट संमीलन-ऊर्जा मिळवायची, स्पार्कचं दुपटीहून जास्त; तरी हिशेबाने स्पार्कही दहापटीच्या आसपास जाऊ शकतो. कसं जमणार?

उत्तर : चुंबकक्षेत्राच्या जोरावर. प्लाझ्माचा दाब आणि चुंबकक्षेत्राचा दाब यांच्या गुणोत्तराला बीटा म्हणतात. बीटा तोच ठेवून क्षेत्र दुप्पट केलं, तर दर घनमीटरमागे संमीलनाची शक्ती सोळापट होते. ईटरच्या प्लाझ्मात क्षेत्र ५.३ टेस्ला (चुंबकक्षेत्राचं एकक), स्पार्कच्या आराखड्यात १२.२. या हिशेबाने वाढ २८ पट यायला हवी. पण बीटा वरच्या मर्यादेजवळ नेला की प्लाझ्मा अस्थिर होऊन क्षणात कोसळतो, म्हणून स्पार्कमध्ये तो मुद्दाम कमी धरला आहे. त्यामुळे घनमीटरमागे ईटरचे सुमारे ०.६ मेगावॅट, तर स्पार्कचे सुमारे ७. हेही थोडं नाही!

प्रश्न : स्पार्कची चुंबकं ज्या रेबको फितीची, ती अतिसंवाहक (विरोधाविना वीज वाहू देणारी) फीत ९० केल्विनच्या (सुमारे उणे १८३ अंश सेल्सिअस) आसपासच काम करू लागते. मग द्रव नायट्रोजनचे ७७ केल्विन सोडून २० पर्यंत का उतरायचं?

उत्तर : ९० चा आकडा क्षेत्र नसतानाचा. जबर क्षेत्रात, त्यातही ते फितीला काटकोनात असेल तर, ७७ केल्विनला फीत फारच थोडा प्रवाह पेलते. २० ला तीच फीत कित्येक पट पेलते.

फीत नीट पाहा. अतिसंवाहक थर एक-दोन मायक्रॉनचा. बाकी सगळा आधाराचा धातू, चांदी आणि तांबं. दाबलेली तिला चालते, सोलवटलेली नाही. गुंडाळीत इपॉक्सी भरली तर थंड होताना ती धातूपेक्षा जास्त आकसते आणि थर उचकटू शकतो. फितीच्या वेटोळ्यापाशी २० टेस्ला असतील तर चुंबकाचा दाब सुमारे १,६०० वातावरणं, म्हणून जाड पोलादाचा आधार लागतोच.

खरी धास्ती क्वेंचची. एखादा ठिपका अतिसंवाहकता गमावून तापतो. रेबकोत हा तापलेला भाग फार सावकाश पसरतो, व्होल्टेज उशिरा दिसतं, तोवर फीत जळलेली असते. म्हणून एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सच्या चाचणी-वेटोळ्यात (सप्टेंबर २०२१, २० टेस्ला) वेढ्यांमध्ये विद्युतरोधकच ठेवला नव्हता. अडलेला प्रवाह शेजारच्या वेढ्यात वळतो. बदल्यात वेटोळ्यात प्रवाह सावकाश भरावा लागतो. टोरॉइडल (कड्याच्या लांबीने फिरणारं) क्षेत्र स्थिर असल्याने तिथे हे खपतं. कड्याच्या मधोमध उभ्या ज्या सॉलेनॉइडचा (नळीसारख्या वेटोळ्याचा) प्रवाह झपाट्याने बदलायचा, तिथे ही रचना नको.

प्रश्न : मग पुढे ट्रकवर मावेल एवढी भट्टी होईल का?

उत्तर : ड्यूटेरियम-ट्रिटियमवर (हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांवर) चालणारी नाही. त्यांच्या संमीलनातली ८० टक्के ऊर्जा १४.१ एमइव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) न्यूट्रॉन नेतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, चुंबक त्याला अडवू शकत नाही. त्याला थोपवायला, वेटोळी वाचवायला आणि लिथियमपासून ट्रिटियम बनवायला मिळून साधारण मीटरभर जाडी लागते. यंत्र लहान केलं म्हणून ही जाडी घटत नाही. ट्रिटियम साठवून ठेवावं म्हटलं तर त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचंच. स्पार्क हा प्रयोग आहे, त्यात ट्रिटियम बनवणारं आवरणच नाही. वीजघराला त्याच्याविना चालणार नाही. सफरचंदाच्या आकाराच्या गोलाकार टोकामॅकमध्ये बीटा चांगला मिळतो, पण मधला खांब इतका बारीक की तिथल्या चुंबकाभोवती पुरेसं कवच बसवणं हीच सर्वांत कठीण गोष्ट ठरते.