४२० स्टेनलेस स्टीलचे पार्ट गंजू द्यायचे नसतील तर
वाळूजला नवीन लागलास, हातात ४२० चे पार्ट आलेत, म्हणून आधीच सांगतो. स्टेनलेस आहे म्हणजे गंजणार नाही, या भरवशावर राहू नको. यात गंज रोखणारं क्रोमियम जेमतेम १२ ते १४ टक्के. हार्डनिंगनंतर टेंपरिंग (कडक केलेला पार्ट ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) साधारण ४२५ ते ५६५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात झालं, की ते क्रोमियम कार्बनशी जुळून कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंजाला वाट मिळते. हीट ट्रीटमेंटवाल्याकडून नुसता हार्डनेसचा आकडा घेऊ नको, टेंपरिंगचं तापमानही लिहून घे.

भट्टीची काळी पपडी पूर्ण निघालीच पाहिजे. कोपऱ्यात, आट्यांच्या तळाशी भिंग लावून बघ. साध्या लोखंडावर फिरवलेला ब्रश इथे अजिबात नको. त्याचे कण रुतून बसतात आणि मग तांबडे ठिपके दिसायला लागतात. पॅसिव्हेशनला (पृष्ठभागावरचं मोकळं लोखंड ॲसिडने काढायला) ३०४ या दुसऱ्या स्टेनलेसचा ॲसिड बाथ जसाच्या तसा लावलास तर पार्ट काळा पडू शकतो, आधी एकच पीस टाकून बघ.

आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी! क्षार भरपूर, क्लोराइडही असतंच. शेवटची धुलाई डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यानेच कर, लगेच कोरडी हवा मार. उघड्या हाताने पार्ट उचलू नको, घामातही मीठच असतं. पॅसिव्हेशन नीट झालं का ते तपासायची कॉपर सल्फेटची टेस्ट ४२० वर चालत नाही. दमट हवेची टेस्ट घे, म्हणजे पार्ट दमट हवेत ठेवून गंज येतो का बघ.