आजोबांचा टेनर आणि नातवाची कटकट

प्रश्न : नमस्कार ताई, वय ७१, पन्नासेक वर्षं ऑपेरा ऐकतोय. इटालियन ओ की ठो कळत नाही पण टेनर पावारोत्ती, म्हणजे उंच पट्टीत गाणारा तो गायक, लागला की हातातलं काम तसंच राहतं. नातू म्हणतो आजोबा हा नुसता ओरडतो, माईक दिला तर कोणीही ओरडेल. त्याला काय सांगू? आणि हा एवढा मोठा कशामुळे, फक्त ‘हाय सी’, म्हणजे टेनरचा तो अगदी वरचा सूर, लागायचा म्हणून?

उत्तर : काका, आधी माईकचं बघू. नातवाने बहुतेक १९९० चा रोमचा पावारोत्तीसकट तीन टेनर्सचा कार्यक्रम पाहिलाय, तो उघड्यावर होता म्हणून तिथे माईक होतेच. पण ऑपेरा हाऊसमध्ये सहसा माईक नसतो, समोर साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा आणि त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा. हे नुसत्या जोराने होत नाही. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, वर जाईल तसा तो उतरत जातो, आणि तयार गायक स्वरयंत्र खाली ठेवून घसा असा जुळवतो की ३००० हर्ट्झच्या जवळपास आवाजाला वेगळीच धार येते. म्हणजे भांडण नाहीच, रिकामी जागा बघून तिथून निघून जायचं.

ओरडण्याबद्दल म्हणाल तर नातू एकटा नाही हो! पूर्वी टेनर वरचे सूर हलक्या, खोट्या आवाजात घ्यायचे. १८३७ मध्ये पॅरिसला द्युप्रे नावाच्या टेनरने तो वरचा सी छातीच्या भरदार आवाजात लावला, लोक वेडे झाले, आणि ज्याचा ऑपेरा होता त्या रोस्सिनीने म्हणे त्याला मान कापल्या जाणाऱ्या कोंबड्याची उपमा दिली.

पावारोत्तीचं नाव अमेरिकेत गाजलं ते १९७२ ला न्यूयॉर्कच्या मेट या ऑपेरा हाऊसमध्ये, दोनिझेत्ती या संगीतकाराच्या एका गाण्यात नऊ हाय सी, तेही हसतखेळत. पण मला विचाराल तर मोठेपण तिथे नाही. १९६५ मध्ये गायिका जोन सदरलँडबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना हा गडी तिच्या बरगड्यांखाली हात ठेवून बघायचा की बाई श्वास धरते कसा. तो श्वास आणि शब्दांचा स्वच्छपणा, मोदेनाच्या बेकरीवाल्याचा पोरगा प्रत्येक अक्षर असं उच्चारतो की भाषा येत नसूनही तुम्ही ऐकत बसता. आणि ‘नेसुन दोर्मा’ या त्याच्या प्रसिद्ध गाण्यातला तो शेवटचा गाजलेला सूर हाय सी नाहीच बरं का, अर्धा सूर खाली आहे, बी. पैज लावायला बरंय!

नातवाला ते ऐकवूच नका. ऑर्केस्ट्राचा संचालक कारायान याच्याबरोबरचा ‘ला बोएम’ हा ऑपेरा लावा, त्यात नायिका मिमी म्हणजे मिरेल्ला फ्रेनी, तीही मोदेनाचीच, दोघांच्या आया एकाच सिगरेट कारखान्यात कामाला होत्या. पहिल्या अंकात मेणबत्त्या विझलेल्या, अंधारात जमिनीवर किल्ली शोधताना रोदोल्फोचा, म्हणजे पावारोत्तीचा, हात तिच्या हाताला लागतो आणि तो म्हणतो किती गार पडलाय हा इवलासा हात. हे तो जवळजवळ बोलल्यासारखं गातो, एकाच सुरावर, कोणी झोपलेलं असावं इतकं हळू. हाय सी यायला अजून बराच अवकाश आहे. तेवढंच हेडफोनवर ऐकवा, मग विचारा बाबा रे यात ओरडलाय कुठे, आणि काय म्हणाला ते मला कळवा.