घरकुलाचे वाढीव ५० हजार ग्रामपंचायतीकडे येतात का? आणि ज्याला जागाच नाही त्याने काय करायचं?

नाही, हे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात येतच नाहीत. त्यामुळे सरपंचांशी भांडून उपयोग नाही. प्रधानमंत्री आवास (ग्रामीण) मध्ये सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात. त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने दुसऱ्या टप्प्यासाठी वर ५० हजार जाहीर केले, पण त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी आहेत. म्हणजे बांधकामाला हातात ३५ हजारच. पॅनल बसवणार नसाल तर ते १५ हजार हिशेबात धरू नका.

रक्कम हप्त्याहप्त्याने थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात जाते. जोत्यापर्यंत काम आलं की अभियंता मोबाइलवर फोटो घेतो, तो ऑनलाइन चढला की पुढचा हप्ता. हप्ता अडकला तर आधी पंचायत समितीत जाऊन फोटो चढलाय का ते बघा, बहुतेक गाडी तिथेच अडलेली असते. रोजगार हमी योजनेची (रोहयो) मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे, तेही मागून घ्या.

जागा नसणाऱ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत मिळते. तालुक्याला लागून असलेल्या गावात एवढ्यात काय येणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण गावठाणात किंवा शासकीय जमिनीवर जागा मिळते का, तेही ग्रामसभेत लेखी विचारा आणि पोच घ्या.