थंडीत ग्रुपने कोकण किनाऱ्यावर पक्षी बघायला जायचंय, किती वाजता पोचावं आणि कॅमेरा कुठला घ्यावा?

वेळ घड्याळात नाही, कॅलेंडरात बघा. आमचा 14 जणांचा ग्रुप पहिल्यांदा अलिबागजवळ आक्षीला गेला तेव्हा पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, सातला किनाऱ्यावर हजर, आणि समोर काय तर पूर्ण ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं आणि पक्षी त्या पाण्याच्या कडेला, म्हणजे आमच्यासाठी नुसते ठिपके. तिथे जाळं सोडवत बसलेले एक काका हसले आणि म्हणाले, तिथी बघून यायचं ना!

हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. म्हणून आता आम्ही दशमी ते द्वादशीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरतो आणि भरतीच्या दोनेक तास आधी जाऊन बसतो. पाणी चढत जातं तसे चिखल्या, तुतवार (चिखलात चरणारे छोटे किनारपक्षी) सगळे खायची जागा बुडाल्यामुळे आपणहून पुढे सरकतात, आपण फक्त गप्प बसायचं. चिखल्या चार पावलं पळून थबकतो, तुतवार सारखी चोच खुपसत असतो, एवढा फरक कळला तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं. काळा-पांढरा, लालभडक लांब चोचीचा दिसला तर तो कालवफोड्या, आक्षीला लोक खास त्याच्यासाठी येतात. कुरवांच्या (म्हणजे सीगलच्या) नादाला मात्र सुरुवातीला लागू नका, तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत पांढरं असतं, आमच्यात यावरून भांडणं झालीत 😄

एक कळकळीची विनंती, उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून थव्यात धावत जाऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेत ते, भरतीत त्यांची विश्रांतीची वेळ असते आणि परतीसाठी अंगावर चरबी साठवायची असते. आमच्यातल्याच एकाने हे केलं, थवा जो उठला तो परत बसलाच नाही, बाकीचे 13 जण दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. मांडव्याच्या लाँचमधून कुरवांना कुरकुरे टाकणं पण तसलंच.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर आधी 8 बाय 42 ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या, दोघांत एक चालते. कॅमेरा पुढच्या वर्षी.