‘ड्राइव्ह-इन मॅसकर’चा शेवट कापलेला नाही

‘ड्राइव्ह-इन मॅसकर’ (१९७६) खुनी कोण हे न सांगताच संपतो, तेव्हा आपल्याला मिळालेली प्रत अपुरी आहे का, असे आपण विचारले आहे. प्रत पूर्ण आहे. स्टू सेगल यांचा हा चित्रपट मुळातच जेमतेम सव्वा तासाचा असून त्याचा शेवट तसाच योजलेला आहे. तो घरी पाहताना अर्धवट वाटतो, कारण हा चित्रपट मोटारीत बसलेल्या प्रेक्षकासाठी काढलेला होता.

पहिला खून पुन्हा एकदा नीट पाहावा. अमेरिकेतील ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे मोटारीत बसूनच पाहायच्या उघड्यावरच्या चित्रपटगृहात, प्रत्येक मोटारीशेजारी एक खांब असे आणि त्यावरचा छोटा स्पीकर काढून खिडकीच्या काचेला अडकवल्याशिवाय चित्रपटाचा आवाज ऐकू येत नसे. येथे एक तरुण त्याच स्पीकरसाठी खिडकीतून बाहेर झुकतो आणि तलवारीच्या एका घावात त्याचे मुंडके उडते. हा प्रसंग पाहणाऱ्या प्रत्येकाने थोड्याच वेळापूर्वी तसाच हात बाहेर काढलेला असणार! एवढ्या तुटपुंज्या पैशांत याहून नेमकी कल्पना सुचणे अवघड आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मधला भाग मात्र रेंगाळतो. दोन पोलीस अधिकारी चित्रपटगृहाच्या उर्मट व्यवस्थापकाची आणि तेथे झाडलोट करणाऱ्या जर्मीची तीच तीच चौकशी करत राहतात. वखारीतील लांबलचक प्रसंगाचा तर मूळ खुनांशी काहीच संबंध निघत नाही. रात्रीची दृश्येही इतकी अंधारी आहेत की बऱ्याच ठिकाणी डोळे ताणावे लागतात.

आता शेवटाविषयी. ज्यांच्यावर संशय होता तेच मेलेले सापडतात, असेच खून देशातील इतर ड्राइव्ह-इनमध्येही होऊ लागल्याचे पडद्यावर सांगितले जाते आणि मग याच चित्रपटगृहात खुनी शिरला असून कोणी घाबरून जाऊ नये, अशी घोषणा ऐकू येते. ही घोषणा कथेतल्या पात्रांसाठी नसून अंधारात मोटारीत बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांसाठी आहे, आणि खुन्याचे नाव आधीच कळले असते तर तिच्यात काही दम उरला नसता. १९७४ च्या ‘ब्लॅक ख्रिसमस’मध्येही खुनी अखेरपर्यंत अज्ञात राहतो, पण तेथे ती भीती कथेतूनच उभी राहते, म्हणून तो चित्रपट घरी पाहतानाही तितकाच अंगावर येतो.