तुमचा प्रश्न, आमचं उत्तर : दुबईत फ्लॅट घ्यायचा म्हणतोय, घेऊ का?

प्रश्न : नमस्कार ताई. मी रिटायर्ड आहे, मनीषनगरला राहतो. मुलगा दुबईला नोकरीवर आहे. मागच्या महिन्यात वर्धा रोडच्या एका हॉटेलात दुबईच्या फ्लॅटचं एक्झिबिशन लागलं होतं, तिथे ११ लाख दिरहॅमचा वन बीएचके आवडला. बेसाचा प्लॉट विकून नाहीतर त्यावर लोन काढून घेऊ म्हणतो. एजंट रोज फोन करून राहिला, की क्रेडिट कार्डवर टोकन टाका नाहीतर युनिट जाईल. ब्रोशरचा फोटो पाठवतोय. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : काका, सगळ्यात आधी ते टोकन थांबवा. युनिट गेलं तर जाऊ द्या ना, दुबईत फ्लॅटची काही कमी नाही.

आता पैशाचं बघू. भारतात राहणाऱ्या माणसाला बाहेर घर घ्यायला पैसे पाठवायचा मुख्य रस्ता म्हणजे रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, सगळे एलआरएस म्हणतात ती. माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे म्हणजे साधारण ९ लाख १८ हजार दिरहॅम झाले, तुमचा फ्लॅट ११ लाखांचा, एकट्याच्या नावावर एका वर्षात बसत नाही. काकूंचं पॅन लावून त्यांचीही मर्यादा वापरता येते पण मग घराच्या कागदावर त्यांचं नाव हवं आणि पैसेही खरंच त्यांचे हवेत, नुसतं नावाला नाही. पैसे बँकेतून फॉर्म ए-२ भरूनच जायला हवेत, कार्ड घासून नाही, आणि कोणी म्हणालं इथे कॅश द्या तिथे दिरहॅम मिळतील तर त्याचं ऐकूच नका, तो सरळ हवाला आहे.

बेसाच्या प्लॉटवर लोन काढायचा विचार डोक्यातून काढाच. बाहेर प्रॉपर्टी घ्यायला एलआरएसमधून पैसे पाठवायचे तर त्यासाठी इथल्या बँकेने कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. प्लॉट विकला तर चालतं, पण एक गोष्ट एजंट सांगणार नाही. प्लॉट विकून घर घेतलं की कॅपिटल गेनवर, म्हणजे विक्रीच्या नफ्यावर, जी सूट मिळते ती भारतातल्या घरालाच आहे, दुबईच्या घराला नाही, म्हणजे टॅक्स भरूनच पैसे हातात येतील. वर १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा टॅक्स, कापते. ६० लाख पाठवले तर १० लाख आणखी बाजूला ठेवा. ते रिटर्नमध्ये वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत अडकतात आणि पेन्शनवर चालणाऱ्या घरात तेवढे अडकणं सोपं नाही.

ब्रोशर मी झूम करून पाहिलं. ६०-४० चा प्लॅन आहे, ४० टक्के ताबा मिळताना, म्हणजे ४ लाख ४० हजार दिरहॅम एकदम, तेव्हा डॉलर ज्या भावाला असेल त्या भावाने. खाली बारीक अक्षरात सर्व्हिस चार्ज वेगळा लिहिलाय आणि दुबई लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी तर कुठे दिसलीच नाही, ती ४४ हजार दिरहॅम होते. बिल्डिंग अजून उभी व्हायची आहे, तर हप्ते प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्याच प्रोजेक्टसाठी राखून ठेवलेल्या खात्यातच, जायला हवेत (२००७ पासून तिथे तसा कायदा आहे), एजंटच्या खात्यात एक दिरहॅमही नाही. मुलाला सांगा, लँड डिपार्टमेंटच्या दुबई रेस्ट ॲपवर प्रोजेक्ट आणि ब्रोकर दोन्ही तपास, आणि फ्लॅटचं ऊकूद म्हणजे ऑफ-प्लॅन, अजून बांधून न झालेल्या घराची, नोंदणी कधी होणार ते लेखी घे. गोल्डन व्हिसाचं, म्हणजे तिथे दीर्घकाळ राहायच्या परवान्याचं, आमिष दाखवत असतील तर त्याला २० लाख दिरहॅमची प्रॉपर्टी लागते, ११ लाखांत तो बसत नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर घर मुलाने त्याच्या नावावर, त्याच्या कमाईतून घ्यावं. तो तिथला रहिवासी आहे, तिथल्या पगारातून घेतलं तर एलआरएस नाही, टीसीएस नाही, आणि पहिल्या तयार घराला तिथली बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, ऑफ-प्लॅनला ५० टक्क्यांपर्यंतच. मदत करायचीच असेल तर काही रक्कम त्याला भेट द्या, तीही तुमच्या त्याच अडीच लाख डॉलरमध्ये धरली जाते. बेसाचा प्लॉट मात्र राहू द्या काका, उद्या दवाखान्याचा खर्च निघाला तर तो इथेच कामाला येईल.

प्रश्न : माझा दुबईत फ्लॅट आहे, भाडं तिथल्याच खात्यात जमा होतं. तिथे टॅक्स नाही, मग इथे दाखवायचं का?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : हो, दाखवायचंच. तुम्ही नागपुरात राहता म्हणजे जगात कुठूनही आलेलं उत्पन्न इथे करपात्र आहे. भाड्यातून ३० टक्के वजावट मिळते ती घ्या. फ्लॅट आणि तिथलं बँक खातं दोन्ही रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात, टाका, तिथे हिशोब जानेवारी ते डिसेंबर असतो, आपला एप्रिल-मार्च नाही, बरेच जण इथेच चुकतात. लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपये दंड होऊ शकतो. मागची वर्षं राहिली असतील तर या रिटर्नच्या आधीच सीएला गाठा आणि जाताना तिथल्या खात्याचं स्टेटमेंट आणि टायटल डीड घेऊन जा.